मागे येऊन खेळणारा फॉरवर्ड

पिंपळगाव राजा,
ता. खामगाव, जि. बुलढाणा

चि. बाळास,


तुझं पत्र मिळालं. वसतिगृहात फोन ठेवू देत नाहीत म्हणून का होईना, तू कागदावर लिहितोस, याचं मला फार बरं वाटतं. आजीनं जेवणाखाणाचं तेवढं वाचून घेतलं आणि समाधानानं उठून गेली. बाकीचं पत्र माझ्यासाठी होतं, ते मी नीट वाचलं. संघातला नऊ नंबर, म्हणजे सर्वांत पुढची जागा, दुसऱ्या पोराला दिली, तुला त्याच्या मागं खेळायला सांगितलं, आणि तू लिहिलंस, ‘आबाजी, मला मागं टाकलं.’ त्या वाक्यापायीच आज लिहायला बसलो. सोयाबीन निघून गेलंय, कापसाच्या वेचणीला अजून बाया मिळत नाहीत, तेव्हा सध्या वेळ आहे माझ्याकडं.

तू ज्यांचे व्हिडिओ पाहतोस ते नेमार आणि रोनाल्डो मला पडद्यावरून माहीत आहेत. पण ब्राझीलचा एक फॉरवर्ड मी स्वतःच्या डोळ्यांनी खेळताना पाहिला आहे. त्याचं नाव जोसे रामिरेझ बरेटो. तो ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातून कधी खेळला नाही, त्यामुळं तुझ्या वयाच्या पोरांना तो ठाऊक नसणार. तरी फॉरवर्डनं आयुष्य कसं काढावं असं मला कुणी विचारलं, तर मी त्याचं नाव घेईन. पेलेचंही घेणार नाही. पेले २४ सप्टेंबर १९७७ ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळला होता, न्यूयॉर्क कॉसमॉसकडून. सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि तो निघून गेला. त्या एका दुपारबद्दल बंगाली लोक आजही बोलतात. पण बरेटो तिथं वर्षानुवर्षं राहिला, आणि राहून खेळणं ही वेगळीच गोष्ट आहे.

बरेटोचा जन्म ७ सप्टेंबर १९७६ चा. त्या दिवशी ब्राझीलचा स्वातंत्र्यदिन असतो. गाव पोर्टो अलेग्रे, देशाच्या पार दक्षिणेला. ग्रेमियो आणि इंतेरनासियोनाल हे दोन मोठे क्लब त्याच शहरात आहेत, आणि रोनाल्डिन्हो तिथलाच, बरेटोहून साडेतीन वर्षांनी लहान. रोनाल्डिन्हो ग्रेमियोतून पॅरिसला गेला, पुढं बार्सिलोनाला, २००२ चा विश्वचषकही त्यानं जिंकला. एका शहराच्या पोटी असे दोघं निघतात आणि एकाची वाट बार्सिलोनाकडं जाते, दुसऱ्याची कोलकात्याकडं. ब्राझीलमध्ये चांगले खेळणारे इतके आहेत की देशात सगळ्यांना जागा पुरत नाही. त्यांचे खेळाडू जगाच्या कानाकोपऱ्यात पोटासाठी फिरतात. आपल्याकडची माणसं हंगामाला सुरतेला, पुण्याला जातात ना, तसंच ते आहे. अशा फिरणाऱ्यांपैकी बरेचजण एक-दोन मोसम खेळतात आणि पुढच्या देशात जातात.

बरेटो १९९९ मध्ये मोहन बागानला आला. हा क्लब १८८९ चा. १९११ साली जवळपास सगळे अनवाणी खेळणाऱ्या त्यांच्या पोरांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली होती, त्यामुळं बंगाल्यांच्या मनात त्याची जागा खेळापलीकडची. अशा क्लबात तेविशीचा परका पोरगा येतो. भाषा येत नाही, कोलकाता लीग भर पावसाळ्यात, चिखलात. प्रशिक्षक सुब्रत भट्टाचार्य, स्वतः बागानचे जुने बचावपटू. त्या मोसमात पुढं उझबेकिस्तानचा इगोर श्क्विरिन होता. राष्ट्रीय लीगमध्ये सर्वांत जास्त, म्हणजे ११ गोल श्क्विरिनचे झाले, आणि लीग मोहन बागाननं जिंकली. पहिल्याच वर्षी बरेटोच्या गळ्यात विजेतेपदाचं पदक पडलं, पण गोलांच्या यादीत पहिलं नाव त्याचं नव्हतं.

आता पुढचं वर्ष बघ. २०००-०१ मध्ये बरेटोनं लीगमध्ये १४ गोल केले, देशात पहिला आला. आणि लीग कुणी जिंकली? ईस्ट बंगालनं. ज्याला हरवण्यासाठी मोहन बागानचा माणूस वर्षभर जगतो, त्याच ईस्ट बंगालनं. त्याच्या पुढच्या वर्षी, २००१-०२ मध्ये, सर्वाधिक गोल केले गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या युसिफ याकुबूनं, १८. विजेतेपद मात्र मोहन बागानचं. २००२-०३ मध्ये याकुबूनं २१ केले, आणि लीग पुन्हा ईस्ट बंगालकडं. म्हणजे चार मोसमांत तीनदा असं झालं की देशातला सर्वांत जास्त गोल करणारा माणूस एका बाजूला आणि करंडक दुसऱ्या बाजूला. दरवेळी असंच होतं असं मी म्हणणार नाही. श्क्विरिनचं उदाहरण वर दिलंच आहे, आणि २००३-०४ मध्ये ईस्ट बंगालच्या क्रिस्टियानो ज्युनियरनं १५ गोल करून लीगही जिंकून दिली. पण तू जो हिशोब मांडतोस, की नऊ नंबर गेला म्हणजे सगळं गेलं, तो हिशोब एवढा साधा नाही, इतकंच मला दाखवायचं आहे.

क्रिस्टियानोचं नाव निघालं म्हणून तेही सांगतो, कारण हे तुला ठाऊक असलंच पाहिजे. तोही ब्राझीलचा, तोही फॉरवर्ड. ईस्ट बंगालहून तो गोव्याच्या डेम्पोत गेला. ५ डिसेंबर २००४ ला बेंगळुरूत फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. डेम्पो २-० नं जिंकली आणि दोन्ही गोल त्याचेच. दुसरा गोल मारताना गोलकीपरशी टक्कर झाली, तो मैदानातच कोसळला आणि वाचला नाही. वय पंचवीस. डेम्पोनं त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. तेव्हा मैदानावरच्या वैद्यकीय सोयीबद्दल देशभर ओरड झाली होती. तुमच्या मैदानावर सामन्याला डॉक्टर असतो का, रुग्णवाहिका उभी असते का, हे तुझ्या प्रशिक्षकांना माझ्या वतीनं विचार. पोरांनी विचारू नये असं यात काही नाही. आणि माणूस कोसळला तर छाती कशी दाबायची, ते तुम्ही अकराच्या अकरा जणांनी शिकून घ्या.

बरेटो मी पाहिला तो मुंबईत. तुला माहीत आहे, मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, सॉर्टर होतो, टपालाच्या थैल्या लावण्यात माझी हयात गेली. हावडा-मुंबईचा मार्ग आपल्या शेगाव, नांदुरा, मलकापूरवरून जातो. कोलकात्याच्या थैल्या त्याच मार्गानं यायच्या. निवृत्तीआधीची वर्षं मुंबईत गेली. ड्युटी सकाळची असली की दुपारी बोरीबंदरवरून चालत कूपरेजला जायचो. ओव्हल मैदानाच्या जवळ ते लहानसं मैदान, लाकडी बाकं, आणि कडेला बसणारे जुने रसिक. रोव्हर्स कप ही जुनी स्पर्धा १८९१ पासून या शहरात व्हायची. मुंबईत एकेकाळी एअर इंडिया, ओएनजीसी, आरसीएफ, बँका, रेल्वे असे कितीतरी संघ होते, आणि बऱ्याच खेळाडूंना खेळावर नोकरी मिळायची.

महिंद्रा युनायटेड हा त्यातला कंपनीचा संघ. मधे मलेशियात खेळून बरेटो तिथं आला. आणि त्याच्या जोडीला कोण असावा? तोच युसिफ याकुबू, ज्याच्या गोलांच्या विरुद्ध तो आधी खेळला होता. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. २००५ चा फेडरेशन कप त्यांनी जिंकला आणि त्याच मोसमात, २००५-०६ मध्ये, राष्ट्रीय लीगही. ती लीग ११ वर्षं चालली आणि महाराष्ट्राच्या संघानं ती एवढी एकदाच जिंकली. त्या वर्षी सर्वाधिक गोल डेम्पोच्या रँटी मार्टिन्सचे होते, १३. विजेत्या संघातला कुणीही त्या यादीत पहिला नव्हता.

मी त्याच्या खेळाकडं जे पाहायचो ते तुला सांगतो, कारण तुझ्या उपयोगाचं तेच आहे. चेंडू आपल्या बचावपटूकडं असला की बरेटो गोलकडं पळत सुटत नसे. तो उलटा, आपल्या अर्ध्या मैदानाकडं चार पावलं यायचा. त्याच्यामागं समोरचा स्टॉपर ओढला जायचा. आता तो स्टॉपर जिथून हलला ती जागा मोकळी. बरेटोच्या पायात चेंडू यायच्या आधीच त्यानं मान वळवून याकुबू कुठं आहे ते पाहिलेलं असायचं. चेंडू आला, एका स्पर्शात त्या मोकळ्या जागेत गेला, याकुबू धावला. लोक याकुबूचं नाव ओरडायचे, आणि बरोबरच होतं, गोल त्यानंच केलेला. माझ्या शेजारी बसणारे एक म्हातारे रेल्वेवाले मात्र दरवेळी बरेटोच्या त्या चार पावलांसाठी टाळी वाजवायचे. फुटबॉल कुठं बघायचा ते मी त्यांच्याकडून शिकलो.

तुला ज्या जागेवर उभं केलंय, ती हीच जागा आहे. पुढच्याच्या मागं, आणि मधल्या फळीच्या पुढं. तिथं दोन्ही बाजूंनी माणसं अंगावर येतात, पाठीवर माणूस घेऊन चेंडू घ्यावा लागतो, आणि पाहण्याचं काम चेंडू यायच्या आधी संपलेलं असावं लागतं. ज्याला फक्त पळता येतं त्याला प्रशिक्षक तिथं ठेवत नाही. तुझ्या प्रशिक्षकांच्या मनातलं मला ठाऊक नाही. पण तुझा पहिला स्पर्श चांगला आहे हे मी गेल्या उन्हाळ्यात आपल्या वावरात पाहिलंय, आणि त्यांनीही तेच पाहिलं असावं असं मला वाटतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव बघ. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून पुढं खेळला, आणि व्यावसायिक संघांत गेल्यावर बाजूनं खेळायला लागला. जागा बदलते. खेळणं चालू राहतं.

बरेटोचं मुंबईत चांगलं चाललं होतं, तरी २००६ मध्ये तो कोलकात्याला परत गेला. २००६ आणि २००८ चे फेडरेशन कप त्यानं मोहन बागानबरोबर जिंकले. बायचुंग भुटियासोबत त्याची जोडी जमली. मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यांत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत भुटियाच्या खालोखाल त्याचंच नाव घेतात. लोक त्याला ‘सबुज तोता’, म्हणजे हिरवा पोपट म्हणायचे. पुढं वय वाढलं, वेग कमी झाला, तसा तो आणखी मागं येऊन खेळू लागला. २०११ मध्ये नायजेरियाचा ओडाफा ओकोली क्लबात आला. चर्चिलमध्ये गोलांचा ढीग घातलेला, मोठ्या पैशावर आणलेला. पुढची जागा आता त्याची, हे उघड होतं. बरेटोचं वय तेव्हा पस्तीस. त्यानं रुसवा धरला नाही. तो मोसम खेळला आणि मे २०१२ मध्ये सॉल्ट लेक स्टेडियमवर पुणे एफसीविरुद्धच्या सामन्यात मोहन बागानचा निरोप घेतला. त्या निरोपाला कोलकाता अक्षरशः रडलं, बाळा, आणि ते एका परदेशी माणसासाठी.

त्यानंतर तो घरी गेला नाही. भवानीपूर नावाच्या कोलकात्याच्याच एका लहान क्लबात, दुसऱ्या श्रेणीत, जाऊन खेळला. मला त्याच्या सगळ्या करंडकांपेक्षा हे जास्त आवडतं. ज्या माणसासाठी साठ-सत्तर हजारांची गर्दी व्हायची, तो रिकाम्या स्टँडसमोर खेळायला तयार झाला, कारण त्याला अजून खेळायचं होतं. मग तो प्रशिक्षणात आला. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स अकादमीत त्यानं तुझ्याच वयाच्या पोरांना शिकवलं.

आता एक कठीण गोष्ट. तुझ्या वडिलांना ती पटते, तुला आवडणार नाही, पण मी लिहिणार. बरेटो ज्या महिंद्राकडून खेळला तो संघ २०१० मध्ये बंद झाला. त्याच्या चारच वर्षं आधी देशाची लीग जिंकलेला संघ. कंपनीनं ठरवलं आणि संपलं. निरोपाच्या सामन्यात समोर होता तो पुणे एफसी, चांगली अकादमी असलेला, त्यानंही काही वर्षांत गाशा गुंडाळला. पंजाबची जेसीटी २०११ मध्ये गेली. एअर इंडिया आणि ओएनजीसी वरच्या लीगमधून बाहेर पडले. २०१६ मध्ये गोव्याच्या डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी राष्ट्रीय लीगच्या जागी आलेली आय-लीग सोडली. आणि २०२५ मध्ये तर आयएसएल या देशातल्या सर्वांत वरच्या लीगचाच करार संपत आला म्हणून मोसम अडकून पडला, खेळाडू घरी बसले. मोहन बागान मात्र टिकून आहे, नावापुढं-मागं काही जोडलं गेलं तरी, कारण तिथं सभासद आहेत, बापाकडून पोराकडं आलेले. कूपरेजवर आम्ही शे-दोनशे माणसं बसायचो. आमच्यानं महिंद्रा टिकली नसती. याचं मला आजही वाईट वाटतं, त्या संघात या राज्याची पोरं खेळायची. महिंद्राकडून खेळलेले खालिद जमील २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले, हा त्यातला एक आनंद.

म्हणून दहावीचा अभ्यास सोडू नकोस. फुटबॉल सोड असं मी म्हणत नाही, तुझ्या वडिलांना मीच समजावलं होतं आणि पुन्हा समजावीन. पण पायाखालचा क्लब कधी निघून जाईल ते खेळाडूच्या हातात नसतं. बारावी, पुढं पदवी, मग शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम किंवा प्रशिक्षकाचा परवाना, यातलं काहीतरी हातात राहू दे. इंग्रजी आणि हिंदी बोलायला शीक, गुवाहाटीच्या पोराशी आणि केरळच्या पोराशी तुला मैदानावर बोलावं लागेल. बरेटोला कोलकात्यानं आपलं मानलं त्यात त्याच्या वागण्याचाही वाटा होता. गोल झाल्यावर तो आकाशाकडं हात करायचा आणि पंचांशी हुज्जत घालताना मी तरी त्याला पाहिलं नाही.

सरावाचं दोन शब्दांत सांगतो. भिंतीवर चेंडू मारून परत घेताना रोज डाव्या पायानंही तेवढंच कर. चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागं बघायची सवय लाव, ती नुसतं चालतानाही लावता येते. आणि नऊ नंबरच्या त्या पोराशी बोल. त्याला चेंडू पायात हवा असतो की पुढं जागेत, उजव्या पायावर की डाव्या, ते त्यालाच विचार. तुमचं दोघांचं जमलं नाही तर तुझा पास कितीही चांगला असो, तो वाया.

दिवाळीला नांदुऱ्याला उतर, खामगावला वळसा घालू नकोस. तुझा काका मोटारसायकल घेऊन येईल. कुठल्या गाडीनं येतोस ते आधी कळव. बुटांचं माप बदललं असेल तर तेही लिही, अकोल्याला कुणी गेलं की आणवून ठेवतो. आणि डॉक्टरचं विचारलंस का, तेही पुढच्या पत्रात.

तुझे,
आबाजी